प्लग-इन हायब्रिड मोटार : ब्रेकमधून ऊर्जेची परतफेड
कोलकाता : प्लग-इन हायब्रिड मोटारीचा वेग कमी होताना तिची विद्युत मोटर जनित्राचे कार्य करते आणि गतिज ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत साठवते. १९९२ मध्ये खुल्या झालेल्या, ८२३ मीटर लांबीच्या विद्यासागर सेतूवरून उतरताना पुढील वाहतुकीचा अंदाज घेऊन ब्रेक लवकर व हलका दाबल्यास हा लाभ वाढतो. ब्रेक जोराने दाबल्यास घर्षण ब्रेकही कार्यान्वित होतात आणि ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. बॅटरी पूर्ण भारित असल्यास ऊर्जा साठविण्यास जागाच उरत नाही. परत मिळणारी ऊर्जा खर्च झालेल्या ऊर्जेपेक्षा नेहमीच कमी असल्याने अनावश्यक ब्रेक टाळणे सर्वाधिक हिताचे ठरते. संकटसमयी मात्र बचतीचा विचार न करता ब्रेक पूर्ण दाबावा.