आडनाव सांगतं कुणाचं, लपवतं कुणाचं

मागं एकदा बचतगटाच्या बैठकीत विषय निघाला होता, की विट्याकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर, थेट नेपाळपर्यंत जातात, आणि तिकडं त्यांना ‘जोशी’ भेटतात. आपल्याकडचे जोशी तिकडं कसे पोचले, असं एकीनं विचारलं. पोचले नाहीत बरं का. तिकडच्या डोंगराळ मुलखात नेपाळी बोलणाऱ्या ब्राह्मणांत जोशी, उपाध्याय, अधिकारी अशी नावं आहेत. ज्योतिष सांगणारा तो जोशी, शिकवणारा तो उपाध्याय, अंमल चालवणारा तो अधिकारी. काम सारखं, म्हणून नाव सारखं. नातं असेलच असं नाही.

मग आम्ही म्हटलं, आपल्या सातारा-सांगलीतलीच नावं उलगडून बघू.

सगळ्यात ओळखीचं नाव कुलकर्णी. गावच्या कुळांचा, जमिनीचा, साऱ्याचा हिशेब लिहायचा तो कुलकर्णी. पाटील गाव सांभाळायचा, कुलकर्णी वही सांभाळायचा. अनेक गावं मिळून परगणा व्हायचा. तिथं पाटलाच्या जागी देशमुख आणि कुलकर्ण्याच्या जागी देशपांडे. ही वतनं बापाकडून मुलाकडं जायची, म्हणून कामाचंच आडनाव झालं. त्यामुळं दोन गावचे कुलकर्णी एकमेकांचे कुणीच नसतात, आणि सख्ख्या भावांच्या घरांत मात्र एक कुलकर्णी आणि दुसरा गावाच्या नावावरून ‘कर’ लावणारा, असंही असतं. देशमुख तर मराठ्यांतही आहेत आणि ब्राह्मणांतही. आडनावावरून जात ओळखणाऱ्यांनी इथं जरा थांबावं.

आता कोरेगाव तालुक्यातलं किन्हई घ्या. तिथल्या कुलकर्णी घराण्यातले परशुराम त्र्यंबक छत्रपती राजारामांच्या काळात प्रतिनिधी झाले. वंशज पंतप्रतिनिधी म्हणून औंधला राज्य करू लागले, आणि कुलकर्णी हे नाव मागं पडलं. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, कृष्णेचा घाट आहे. ‘स्वदेस’ सिनेमा तिथंच घेतला, आपल्यापैकी कित्येकींनी बघितलाय. नानांचं खरं नाव बाळाजी जनार्दन भानू. घराणं कोकणातल्या वेळासचं. फडणिशी, म्हणजे दप्तराचं काम, आजोबांपासून घरात आलं आणि भानू कुणाच्या ध्यानातही राहिले नाहीत. पेशव्यांचंही तसंच, ते मूळचे श्रीवर्धनचे भट. 1713 मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं, आणि भटांचे पेशवे झाले.

सांगलीकडं उलटं घडलं. हरभट पटवर्धन कोकणातल्या कोतवड्याहून आलेले, इचलकरंजीच्या घोरपड्यांचे कुलोपाध्याय. त्यांची मुलं तलवार घेऊन सरदार झाली, मिरज मिळाली, पुढं 1801 मध्ये सांगली वेगळी झाली. धंदा पार बदलला, नाव पटवर्धनच राहिलं.

आणि ते इचलकरंजीचे घोरपडे? तेही ब्राह्मण! मूळ पुरुष नारो महादेव जोशी. सेनापती संताजी घोरपड्यांनी त्यांना पोटच्या पोरासारखं वाढवलं, म्हणून नारोपंतांनी धन्याचंच आडनाव लावलं. एका ब्राह्मण घरानं मराठा सरदाराचं नाव उपकारापोटी घेतलं, ही गोष्ट आम्हाला फार आवडते. त्यांच्या मुलाला बाळाजी विश्वनाथांची लेक अनुबाई दिली होती. नवऱ्यामागं तिनं संस्थानचा कारभार बघितला. भटांची लेक, पेशव्यांची बहीण, घोरपड्यांची सून. एका बाईच्या वाट्याला तीन आडनावं, आणि त्यातलं एकही तिनं निवडलेलं नाही.

आता जे सांगायचं ते जड आहे. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींचा खून झाला. मारणारा ब्राह्मण, हे कळल्यावर सातारा, सांगली, कोल्हापूरकडं गावोगाव ब्राह्मणांची घरं जाळली. त्या दिवसांत दारावरचं आडनाव वाचून घर ठरत होतं. त्या खुनाशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशी कुटुंबं अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली, पुण्या-मुंबईला गेली, कित्येक परत आलीच नाहीत. कुलकर्णी-सावकारांविषयी राग होता, तो खोटा नव्हता. वही ज्याच्या हाती, त्यानं गरिबाला नाडलेलंही होतं. पण चूल पेटवणाऱ्या बाईनं कुणाची वही लिहिली होती? आपल्या आज्यांनी शेजारणींना गोठ्यात, कणगीआड लपवल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. जाळताना बघत उभं राहिल्याच्या गोष्टी कुणी सांगत नाही.

पुढं 1950 च्या कायद्यानं परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द झाली. आता दप्तर पगारी तलाठ्याकडं, आणि तलाठी कुठल्याही जातीची, बाईसुद्धा. कित्येक गावांत एखादी पडकी भिंत मात्र अजून ‘कुलकर्ण्यांचा वाडा’ म्हणूनच ओळखली जाते. वर बाभळी, आत शेळ्या.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या लेकराच्या सरकारी नोंदीत आधी त्याचं नाव, मग आईचं, मग बापाचं आणि शेवटी आडनाव, असा नियम महाराष्ट्रात झालाय. घरात बाळ असेल तर दाखला काढून बघा, आईचं नाव नीट लिहिलंय का. आणि म्हाताऱ्या बायकांना त्यांचं माहेरचं आडनाव विचारून वहीत टिपून ठेवा. पुढच्या वेळी तीच नावं घेऊन आम्ही बोलणार आहोत.