वेताचं चिलखत आणि आपलं सूप

आज आपण चित्रकलेच्या इतिहासावर बोलणार आहोत. हा विषय शहरातल्या शिकलेल्या लोकांचा, असं वाटेल. पण दारात सडा टाकून रांगोळी कोण काढतं? दिवाळीआधी भिंती सारवून त्यावर चित्रं कोण काढतं? आपणच. तरी चित्रकार म्हटलं की डोळ्यांपुढे पुरुषच येतो. असं का झालं आणि काही बायांनी ते कसं बदलायला घेतलं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आपल्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं घ्या. कमळात उभी लक्ष्मी, हातात वीणा घेतलेली सरस्वती. ही रूपं घरोघरी नेली राजा रवि वर्मा यांनी. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेली छापील चित्रं गरिबाच्या घरातही पोहोचली. रवि वर्मांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्यांची बहीण मंगलाबाई हीसुद्धा चित्रकार होती, भावाला कामात मदत करायची. तिचं नाव आपल्यापैकी किती जणींनी ऐकलं आहे?

मुंबईचं जे.जे. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झालं. अंबिका धुरंधर यांनी तिथून जी.डी. आर्ट ही पदविका घेतली ती १९३१ साली. मधे सत्तरहून जास्त वर्षं गेली. त्यांचे वडील म. वि. धुरंधर मोठे चित्रकार होते, म्हणून घरातून पाठिंबा मिळाला. ज्यांच्या घरी असे वडील नव्हते त्या मुलींचं काय झालं असेल, याचा विचार करा. तोवर चित्रांत बाया भरपूर होत्या. पाणी भरणाऱ्या, शृंगार करणाऱ्या, वाट पाहणाऱ्या. चित्रात बाई असायची, कुंचला मात्र बहुतेक वेळा पुरुषाच्या हातात असायचा.

आता वारली चित्रं बघा. पालघर-डहाणूकडे लग्नात भिंतीवर चौक लिहायचा मान सवासिनींचा. तांदळाच्या पिठाने त्या पालघाट देवीचा चौक काढायच्या आणि धवलेरी गाणी म्हणायची. १९७० नंतर ही कला कागदावर आली, बाजारात गेली. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर पोहोचवली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांचं काम थोरच आहे. पण पिढ्यान् पिढ्या भिंती रंगवणाऱ्या त्या सवासिनींची नावं कुठे लिहिली गेली नाहीत. भिंतीवर होतं तेव्हा ते बायांचं काम होतं. कागदावर आलं, त्याला किंमत आली, तेव्हा ती कला झाली.

हे ज्या बायांना खटकलं, त्यांनी काय केलं? नलिनी मलानी, नीलिमा शेख, अर्पिता सिंह आणि माधवी पारेख या चौघींनी १९८७ साली भोपाळच्या भारत भवनात फक्त आपल्या चौघींचं प्रदर्शन भरवलं. पुढे ते दुसऱ्या शहरांतही गेलं. यातल्या माधवी पारेख गुजरातच्या खेड्यात वाढल्या. त्या कुठल्या कलाशाळेत गेल्या नाहीत. लहानपणी पाहिलेली रांगोळी हीच त्यांची पहिली शाळा.

अमेरिकेत ज्युडी शिकागो या कलावतीने १९७९ साली जेवणाचं मोठं तीनकोनी टेबल मांडलं. त्यावर ३९ ताटं, एकेक ताट इतिहासातल्या एकेका बाईच्या नावाने. खाली भरतकाम केलेलं कापड. जमिनीवरच्या फरश्यांवर आणखी ९९९ नावं. ताट आणि भरतकाम या घरातल्याच गोष्टी. त्यांतूनच तिने विचारलं, की या सगळ्या बाया इतिहासाच्या पंगतीला का नव्हत्या?

आपल्याकडच्या शकुंतला कुलकर्णी यांचं काम तर आपल्या भंडाऱ्याच्या बायांना लगेच ओळखीचं वाटेल. त्यांचा जन्म १९५० चा, धारवाडचा. त्या मुंबईत राहतात. सुरुवात चित्रांपासून केली, पण २०१० ते २०१२ या काळात त्यांनी रंग बाजूला ठेवून वेत हाती घेतला. ज्याच्या टोपल्या आणि खुर्च्या होतात, तोच वेत. वेताच्या कारागिरांना सोबत घेऊन त्यांनी त्याची चिलखतं घडवली. डोक्याला टोप, गळ्याभोवती कडी, छातीवर आणि कमरेला विणलेला पिंजरा.

यात गंमत काय आहे? नागपूरच्या अजब बंगल्यात जुनी शस्त्रं मांडली आहेत. लढणाऱ्या पुरुषाचा इतिहास असा लोखंडात जपून ठेवला जातो. बाईच्या वाट्याला येतात दागिने. शकुंतलाताईंचं चिलखत दुरून दागिन्यासारखं दिसतं. जवळून पाहिलं की ते अंगाला जपतं आणि त्याच वेळी अंगाला कोंडतं. घरच्यांनी काळजीपोटी 'सातच्या आत घरात' म्हणावं आणि त्या काळजीचाच पिंजरा व्हावा, तसंच ते आहे. हे चिलखत त्यांनी स्वतः अंगावर घातलं, मुंबईतल्या सार्वजनिक जागी उभ्या राहिल्या आणि फोटो काढून घेतले. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांच्या वेताच्या उंच आकृती पॅरिसमध्ये डिऑर या कपड्यांच्या मोठ्या कंपनीच्या कार्यक्रमात मधोमध उभ्या होत्या. टोपलीचा वेत असा पॅरिसला पोहोचला.

मैत्रिणींनो, आपला जिल्हा पितळी भांड्यांसाठी आणि कोशाच्या कापडासाठी ओळखला जातो. बुरडांच्या घरात बांबू सोलण्यापासून सूप विणण्यापर्यंत बायांचे हात चालतात. पण सूप कोणी विणलं, हे पाखडणारीला माहीत नसतं. आपण गटाचा माल प्रदर्शनात मांडतो, तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं, "घरी बसूनच तर केलंय, कमी करा." आणि आपणही भाव कमी करतो. बायांचं काम घरचं काम, म्हणून त्याला नाव नाही. नाव नाही म्हणून मोलही नाही. सवासिनींच्या बाबतीत जे झालं, तेच आज आपल्या टेबलावर होतं.

म्हणून आमचं गटांना एकच सांगणं आहे. पुढच्या मासिक बैठकीत एक जास्तीचं रजिस्टर उघडा. कोणती वस्तू, कोणी केली, किती दिवस लागले, आईकडून शिकली की सासूकडून, सगळं त्यात लिहा. आणि विकायच्या प्रत्येक वस्तूला करणारीच्या नावाची चिठ्ठी बांधा. गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारून, भिंतीवर आणि उंबऱ्यावर त्या काय काय काढायच्या, तेही नावासकट उतरवून घ्या. त्यांच्यानंतर हे सांगणारं कोणी उरणार नाही. इतिहास लिहिणारे आपल्या दारी येतील तेव्हा येतील. तोवर आपलं रजिस्टर आपल्याजवळ असू द्या.