माळव्यातील मावठा आणि जेट प्रवाहातील लाटा

पवारांच्या जुन्या संस्थानांमुळे मराठी वाचकास परिचित असलेली धार व देवास ही नगरे माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसली आहेत. तेथील बहुतांश पाऊस नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा असतो. हिवाळ्यात अधूनमधून पडणाऱ्या मावठ्याचे मूळ मात्र दूर पश्चिमेस, भूमध्य समुद्राच्या परिसरात असते.

हिवाळ्यात उत्तर भारतावरून सुमारे १२ किलोमीटर उंचीवर जेट प्रवाह हा अतिवेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्याचा मार्ग नागमोडी असतो. दक्षिणेकडे झुकलेल्या वळणास द्रोणी म्हणतात. द्रोणीच्या पूर्वेस उंचावरील हवा फाकते, खालची हवा वर चढते आणि जमिनीलगत कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होते. त्याभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. परिणामी पुढील बाजूस दक्षिणेची उबदार, बाष्पयुक्त हवा उत्तरेकडे, तर मागील बाजूस उत्तरेची थंड, कोरडी हवा दक्षिणेकडे ओढली जाते. या दोहोंमधील तिरकस सीमेस सीमापृष्ठ म्हणतात. जड असलेली थंड हवा पाचरीसारखी खाली शिरते, उबदार हवा उचलली जाते व ढग बनतात. ही उपपत्ती पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमारास नॉर्वेतील बर्गेन येथे विल्हेल्म व याकोब ब्यर्कनेस या पितापुत्रांनी सहकाऱ्यांसह मांडली. सीमापृष्ठाचे ‘फ्रंट’ हे नाव युद्धातील आघाडीवरूनच आले.

भारतात येणाऱ्या अशा प्रणालींना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. त्यांचा मुख्य मार्ग हिमालयालगतचा असल्याने माळव्यात सीमापृष्ठ सहसा ठळक नसते. द्रोणी बरीच दक्षिणेपर्यंत उतरली, अथवा राजस्थानवर दुय्यम कमी दाबाचे क्षेत्र बनले आणि अरबी समुद्रावरून बाष्प मिळाले, म्हणजे धार-देवासकडे मावठा होतो.

हलका मावठा गहू-हरभऱ्यास लाभदायक असतो. फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट मात्र उभे पीक झोडपून काढते. धोक्याचा दुसरा टप्पा पावसानंतर येतो. विक्षोभापूर्वी ढगांमुळे रात्री उबदार राहतात. तो पुढे सरकताच आकाश निवळते, उत्तरेचा वारा सुटतो आणि पारा झपाट्याने उतरतो. कडाक्याच्या थंडीत पिकावरील दव गोठते. माळव्यात त्यास ‘पाला’ म्हणतात. अशा रात्रीपूर्वी पिकास हलके पाणी दिल्यास जमिनीची ऊब काही अंशी टिकते. म्हणून मावठा थांबला म्हणजे संकट टळले, असे शेतकऱ्याने समजू नये. पुढील दोन-तीन रात्रींच्या तापमानाचा अंदाजही तितकाच महत्त्वाचा ठरतो.