शनिवार तेली: आपल्या मराठी ज्यूंची गोष्ट

मंडळी, डिसेंबरात इथल्या शाळेत हनुक्काची गोष्ट सांगतात आणि मुलं घरी येऊन विचारतात, "आई, ज्यू लोक मूळचे कुठले?" आपण इस्रायल, पोलंड, जर्मनी असं सांगून मोकळे होतो. पुढच्या वेळी अलिबागचंही नाव घ्या.

अलिबागजवळ नवगावला बेने इस्रायल समाजाची जुनी दफनभूमी आहे. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की कोकणच्या किनाऱ्याला एक जहाज फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. हे कधी घडलं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण पुढे हे लोक कोकणचेच झाले. तेलाचे घाणे चालवले, मराठी बोलले, गावांवरून आडनावं घेतली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा, म्हणजे डेव्हिड, हेही चेऊलकरच!

शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. शनिवारची सुट्टी, मुलाची आठव्या दिवशी सुंता आणि 'शेमा' ही प्रार्थना, एवढ्यावर त्यांनी आपला धर्म शेकडो वर्षं सांभाळला. शुभकार्याला किंवा नवस फेडायला ते आजही पोहे, नारळ, साखर आणि फळांचा मलिदा करतात, एलियाहू हन्नाबीच्या नावाने.

१७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. १८४६ मध्ये पेसाहच्या रात्री वाचायची हग्गादा मराठीत छापली गेली. बायबलमधल्या कथांवर त्यांची मराठी कीर्तनंही होत! त्याच भारतात कोचीनचे ज्यू मल्याळम बोलत होते आणि मुंबई-पुण्याचे बगदादी ज्यू अरबी. धर्म एक, पण भाषा, जेवण, चालीरीती वेगळ्या.

१९४८ नंतर यातले बरेच जण इस्रायलला गेले. आणि तिथे काय झालं? साठच्या दशकात तिथल्या मुख्य धर्मपीठाने त्यांच्या लग्नांच्या वेळी घराण्याची चौकशी लावली. म्हणजे भारतात ज्यू म्हणून वेगळे राहिलेले हे लोक इस्रायलमध्ये 'पुरेसे ज्यू' आहेत का, असा प्रश्न! ते गप्प बसले नाहीत. जेरुसलेमला निदर्शनं केली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला, की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यूच आहेत.

यासाठी त्यांनी मराठीपण टाकून दिलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक त्यांनीच चालवलं.

आपली मुलंही कधी ना कधी विचारतात, "मी नक्की कोण? इथला की तिथला?" तेव्हा त्यांना ही गोष्ट जरूर सांगा. दोन्हीकडचं असता येतं.

तुमच्या गावात, शाळेत कुणी बेने इस्रायल शेजारी किंवा मित्र होते का? आठवणी खाली नक्की लिहा.