दवाखान्याच्या दोन दारांचा इतिहास



पाणवठ्याची आणि देवळाची शिवाशिव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण ही शिवाशिव आजाऱ्याच्या खाटेपर्यंत गेली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून या स्मरणिकेत आम्ही दवाखान्याचा इतिहास मांडत आहोत.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिगत दिली आहे. १९२९ साली ती 'यंग इंडिया'त छापून आली होती. शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. वस्तीत पाऊल टाकणार नाही, या अटीवर डॉक्टर आला. बाळंतिणीला बाळासकट बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाकडे दिले, त्याने नवऱ्याकडे, नवऱ्याने बायकोकडे. न्यूमोनिया आहे, एवढे सांगून डॉक्टर गेला. बाई वाचली नाही. डॉक्टर होता, औषध होते. पण हात लावायला कोणी तयार नव्हते!

आता अमेरिका पाहू. बाबासाहेब १९१३ साली तिथे कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. पुढे १९४६ साली त्यांनी काळ्या समाजाचे विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीत मोठे साम्य असल्याचे कळवले. नेमके त्याच वर्षी तिथे हिल-बर्टन कायदा झाला. सरकारी पैशातून दवाखाने बांधले गेले. पण काळ्यांसाठी 'वेगळी पण समान' सोय दाखवली की त्यांना दारातून परत पाठवायला मोकळीक! सोय वेगळी असायची, समान मात्र क्वचितच.

ग्रीन्सबरो गावचे दातांचे डॉक्टर जॉर्ज सिमकिन्स स्वतः काळे होते. त्यांच्या एका रुग्णाला तातडीने भरती करायचे होते. काळ्यांच्या दवाखान्यात खाट नव्हती, गोऱ्यांच्या दवाखान्यात प्रवेश नव्हता. सिमकिन्स यांनी सहकारी डॉक्टर व रुग्णांना घेऊन कोर्ट गाठले आणि १९६३ साली खटला जिंकला. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा आला. १९६६ साली वृद्धांच्या उपचारांसाठी मेडिकेअर योजना सुरू झाली. भेदभाव करणाऱ्या दवाखान्याला पैसा नाही, असे सरकारने बजावले. मग काय, वर्षानुवर्षे बंद असलेली दारे काही महिन्यांत उघडली!

पण दार उघडले म्हणजे मन उघडले असे नाही. अलाबामातल्या टस्कीगी इथे सरकारी आरोग्य खात्याने १९३२ पासून गरमीचा रोग झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना निव्वळ निरीक्षणाखाली ठेवले. पेनिसिलीन आले, तरी ते त्यांना दिले नाही. १९७२ साली हे उघडकीस आले. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. जिच्यावरून हे नाव घेतले, ती अमेरिकेतली ब्लॅक पँथर संघटना मोफत दवाखाने चालवत होती. टस्कीगीबद्दल राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ साली. तोवर त्यातले बहुतेक लोक मरून गेले होते. २००२ साली तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सांगितले की, उत्पन्न आणि विमा सारखा असूनही काळ्यांना मिळणारे उपचार कमी प्रतीचे असतात.

आपल्या आयाबायासुद्धा दवाखान्यात आडनाव सांगताना आवाज खाली घेतात, हे आम्ही पाहिले आहे. कोणी खेकसले तर मुकाट्याने घरी येतात. सिमकिन्स मुकाट्याने घरी गेले नाहीत. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने आंघोळ घातली होती. आजाऱ्याला हात लावणे हा आपला धम्म आहे. आणि चांगला उपचार मागणे ही भीक नव्हे, तो आपला हक्क आहे. शेजारची बाई दवाखान्यात निघाली, तर तिला एकटी जाऊ देऊ नका.

जयभीम!