वही लपवायची की छापायची?

रेडिओवरचे भाषण हवेत विरून जाते, असे आपण म्हणतो. पण रेडिओवरच्या एका भाषणाने एका मुलीच्या रोजनिशीचे रूपच बदलले, त्याची ही हकीकत.

तारीख २८ मार्च १९४४. हॉलंड जर्मनांच्या ताब्यात आणि डच सरकार लंडनमध्ये. तिथून ‘रेडिओ ओरान्ये’वर शिक्षणमंत्री खेरित बोल्केस्टाइन बोलले. या युद्धाचा इतिहास केवळ सरकारी दप्तरांवरून लिहिता यायचा नाही. साध्या माणसांनी आपली पत्रे, रोजनिशा जपून ठेवाव्यात, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

ॲमस्टरडॅममध्ये एका कचेरीच्या मागच्या भागात आठ ज्यू माणसे लपून राहत होती. त्यांनी हे ऐकले आणि सगळ्यांना आठवली ती ॲनची वही. ॲन फ्रँक तेव्हा चौदा वर्षांची. वही तिला १९४२ साली तेराव्या वाढदिवसाला मिळालेली. तिच्यात ती किटी नावाच्या कल्पित मैत्रिणीला पत्रे लिही. दुसऱ्या कुणी ती वाचावीत, हा हेतूच नव्हता.

आता प्रश्न पडला. लोकांसाठी लिहायचे तर मनातले तसेच ठेवता येते का? ॲनने मधला मार्ग काढला. मूळ वह्या तशाच ठेवल्या आणि २० मे पासून सुट्या कागदांवर सारे पुन्हा लिहायला घेतले. माणसांना खोटी नावे योजली. पीटर या मुलाविषयी वाटणारे बरेचसे गाळले. आम्ही कवी हेच करतो. वहीतली कविता मासिकाकडे जाते तेव्हा तिचे केस विंचरलेले असतात! पण कवीच्या दाराशी पोलीस उभे नसतात. ४ ऑगस्टला सगळे पकडले गेले, तेव्हा तिचे पुनर्लेखन कुठवर आले होते? बरोबर २९ मार्चपर्यंत, म्हणजे त्या भाषणाबद्दल तिने लिहिले त्या दिवसापर्यंत.

कचेरीतल्या मीप गीस यांनी कागद उचलून न वाचता टेबलाच्या खणात ठेवले. मुलगी परत आली की तिच्या हाती द्यायचे म्हणून. ॲन १९४५ मध्ये बेर्गेन-बेल्सनच्या छावणीत गेली. परत आले ते एकटे वडील. ऑटो फ्रँक यांनी दोन्ही लेखन जुळवून, काही वगळून, तिने गाळलेले काही पुन्हा घालून १९४७ साली पुस्तक काढले. दोन्ही रूपे अभ्यासकांपुढे आली ती १९८६ साली, ऑटो यांच्या निधनानंतर.

डिसेंबर १९४२ पासूनच्या जवळजवळ वर्षभराच्या मूळ वह्या आज मिळत नाहीत. त्या काळातले जे आपण वाचतो ते सुट्या कागदांवरचे आहे. तिने केवळ स्वतःपुरतेच लिहायचे ठरवले असते, तर ते वर्ष आपल्या हाती लागलेच नसते.

आणि तरीही २०१८ ची एक गोष्ट मला खटकते. पहिल्या वहीतल्या दोन पानांवर ॲनने स्वतः तपकिरी कागद चिकटवला होता. संशोधकांनी छायाचित्रे घेऊन खालचा मजकूर वाचला आणि जाहीर केला. निघाले काय, तर चावट विनोद आणि वयात येणाऱ्या मुलीचे कुतूहल. अभ्यासाच्या दृष्टीने ते योग्य असेल. पण तो कागद वडिलांनी किंवा कुठल्या संपादकाने लावला नव्हता. छापायचे ते तिने वेगळ्या कागदांवर लिहिले होते, आणि ही दोन पाने झाकली होती.