कापसाचा रुपया आणि मुंबईची चाळ

वरणगांव हें भुसावळ-नागपूर लोहमार्गावरील आमच्या खानदेशांतलें गांव. याच मार्गानें खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईस जात असे. १९२० सालीं मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीवर एक रुपया कर बसला, आणि त्या उत्पन्नाच्या आधारें कामगारांकरितां चाळी बांधावयाचें सरकारनें ठरविलें. तेव्हां मुंबईच्या घरांची कथा खानदेशच्या वाचकास अगदींच परकी नाहीं.

या कथेचा आरंभ प्लेगांत आहे. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत प्लेग प्रगट झाला. १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टनें नागपाड्यासारख्या कोंदट वस्त्या पाडल्या, सँडहर्स्ट रोड व प्रिन्सेस स्ट्रीट हे रुंद रस्ते काढले. हवा खेळूं लागली हें खरें. परंतु आरंभीं जितकीं घरें पडलीं तितकीं उभीं राहिलीं नाहींत. निघालेला गरीब शेजारच्या आळींत शिरला आणि तेथील दाटी वाढली. रोग हटविण्याच्या नांवाखालीं रोगी मात्र हटविला गेला !

पुढें गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या अमदानींत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालें. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा; प्रत्यक्षांत नायगांव, वरळी, शिवडी व डिलाईल रोड येथें २०७ चाळी झाल्या. प्रत्येकींत ८० खोल्या, आणि खोली सुमारें १६० चौरस फुटांची. वरळीसारख्या तेव्हांच्या आडबाजूस कित्येक खोल्या वर्षानुवर्षें रिकाम्या राहिल्या. ज्यांच्यासाठीं घर बांधावयाचें त्यांस विचारलें नाहीं, म्हणजे गरज असूनहि घर ओस पडतें.

याच सुमारास पॅट्रिक गेडीस हे मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र शिकवीत होते. सरसकट पाडापाड न करतां मोजकींच घरें काढावीं, हवेला वाट द्यावी आणि वस्ती जागच्या जागीं राखावी, असें त्यांचें मत होतें. तें फारसें मानलें गेलें नाहीं. तथापि शेजार शेवटीं रहिवाशांनींच घडविला. सामाईक गॅलरींत मुलें वाढलीं, पटांगणांत उत्सव झाले. सरकारनें खोल्या दिल्या, वाडी माणसांनीं केली.

आतां त्याच चाळी पाडून प्रत्येक कुटुंबास ५०० चौरस फुटांचें घर देण्याचें काम चाललें आहे. वरळींतील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्यें दिल्या गेल्या. शंभर वर्षांनीं खोली तिपटीनें वाढली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु उंच इमारतीचा देखभालीचा खर्च कामगाराच्या नातवास झेपेल काय, आणि दार लावून घेतल्यावर शेजार उरेल काय, हे प्रश्न चौरस फुटांनीं सुटणारे नव्हेत.

वरणगांवासारखीं गांवेंहि आज वाढत आहेत. जुनी आळी सुधारावयाची झाल्यास फावड्याआधीं तेथील माणसांस बोलवावें. कापसाचा तो रुपया खर्ची पडून गेला. त्यानें विकत घेतलेला धडा तरी आपण वायां घालवूं नये.